ओटा कसा बुडाला आणि कसा वर आला: वेशीआतल्या एका गल्लीचं प्रकरण

वऱ्हाडात शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. कित्येक पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचत जाऊन वस्तीची जागा पांढरट आणि थोडी उंच झालेली असते. नव्या भिंतीही त्याच मातीच्या उभ्या राहतात. कारंजा लाडला दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींच्या आत, १४९० ते १५७४ या काळात इमादशाहीची राजधानी राहिलेल्या अचलपुरात, मन नदीकाठच्या बाळापुरात अशी पांढरीवरची जुनी वस्ती अजून नांदती आहे. गल्ली आठ-दहा फुटांची, दोन्हीकडे ओटे, किराणा-शाळा-देऊळ-पिठाची गिरणी सगळं पायी पाच-सात मिनिटांत. फोटो काढायला येणाऱ्यांना वेशीची कमान दिसते, नक्षीचा सागवानी दरवाजा दिसतो. गल्ली चालती राहते की मरते हे मात्र रस्ता, ओटा आणि उंबरा यांच्या उंचीतल्या फरकावर ठरतं.

खालची गल्ली कोणी एका पत्त्यावर शोधू नये. अशा गावांत पुन्हा पुन्हा दिसणारी स्थिती एका नमुना गल्लीत मांडली आहे. आकडे हिशेब जुळवून दिलेत, म्हणजे आपल्या गल्लीची मापं त्यात घालून बघता येतील.

गल्ली

लांबी १४० मीटर. रुंदी कुठं २.४, कुठं ३.३, सरासरी २.८ मीटर. वरचं टोक बाजाराच्या रस्त्याला, खालचं टोक वेशीबाहेरच्या नाल्याला. दिशा उत्तर-दक्षिण. घरं ३१: १९ पांढऱ्या मातीची, ९ स्लॅबची, ३ कुलूपबंद किंवा पडकी. बहुतेक कुटुंबांचं पोट शेतीवर, म्हणजे दसरा-दिवाळीनंतर सोयाबीन, कापूस आणि पुढं तूर याच गल्लीतून घरात येते आणि भाव बघून बाहेर जाते.

भिंती सुमारे पाच मीटर उंच आणि गल्ली अरुंद, म्हणून सावली भरपूर. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात या पट्ट्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. तरी या रुंदी-उंचीच्या उत्तर-दक्षिण गल्लीच्या जमिनीवर ऊन साधारण सव्वादहा ते सव्वादोन एवढंच पडतं, तेही निम्मा वेळ एकाच कडेला. बाकी वेळ म्हातारी माणसं ओट्यावर बसू शकतात. नव्या वसाहतीतल्या तीस फुटी रस्त्यावर ही सोय नाही. अरुंदपणा हा दोष समजून रुंदीकरण मागणाऱ्यांनी मे महिन्यात दोन्हीकडे एक-एक दुपार काढावी.

मूळ रचना साधी होती. काळ्या दगडाची फरसबंदी, मधोमध उथळ नाली, जोत्याला लागून ओटा. ओटा रस्त्यापासून ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट उंच, तीन पायऱ्यांचा. घरातली जमीन ओट्याहून आणखी एक पायरी, १५ सेंटिमीटर वर. दीड फूट ही बसायची उंची आहे. पाय जमिनीला टेकतात आणि उठताना गुडघ्याला त्रास होत नाही.

४० सेंटिमीटर कुठून आले

आधी फरसबंदीवर गिट्टी आणि डांबर, १० सेंटिमीटर. मग पहिलं सिमेंट काँक्रीट, १५. मग त्याला भेगा पडल्यावर त्याच्यावरच दुसरं, आणखी १५. प्रत्येक वेळी लोकांनीच मागणी केली होती, आणि ती चुकीची नव्हती. पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल तुडवत शाळेत जाणाऱ्या पोरांना काँक्रीट म्हणजे सुटका वाटली. चूक झाली ती जुनं न काढता नवं टाकण्यात.

असं का होतं ते अंदाजपत्रक उघडल्यावर कळतं. काँक्रीट टाकण्याचं काम मोजमाप पुस्तकात सहज बसतं: लांबी, रुंदी, जाडी. जुनं फोडणं ही वेगळी बाब आहे आणि ती जड आहे. या गल्लीचं क्षेत्रफळ ३९२ चौरस मीटर. ३० सेंटिमीटर काँक्रीट म्हणजे ११८ घनमीटर, वजन सुमारे २८० टन. त्याखालची गिट्टी ३९ घनमीटर. फोडल्यावर माल फुगून दीडपट होतो, म्हणजे सुमारे २३५ घनमीटर, ८३ ब्रास. ट्रॉलीत एक ब्रास धरला तर ८३ फेऱ्या, त्याही अशा गल्लीतून जिथं ट्रॅक्टर वळत नाही, उलटाच आणावा लागतो. वॉर्डाच्या तुटपुंज्या निधीत हे बसवायला कोणी तयार नसतं. शिवाय जुनी पातळी कुठंच नोंदलेली नसते, त्यामुळं रस्ता वर गेला हे कागदावर दिसतही नाही.

परिणामी ओटा रस्त्यापासून फक्त ५ सेंटिमीटर उरला. खालच्या टोकाच्या चार घरांचे ओटे मुळातच एक फुटाचे होते, ते रस्त्याच्या १० सेंटिमीटर खाली गेले. तिथल्या बायका पावसाळ्यात उंबऱ्यापाशी पोत्यात माती भरून बांध घालू लागल्या. “रस्ता वर आला अन् घर डबक्यात गेलं,” हे वाक्य अशा गल्लीत दर दुसऱ्या दारात ऐकू येतं.

पाणी भिंतीत चढतं तेव्हा

पांढऱ्या मातीची भिंत वरून पडणारं पाणी सोसते, पण पायथ्याशी थांबलेलं पाणी तिला सोसत नाही. जुन्या बांधणीत जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत काळ्या दगडाचं जोतं असे आणि माती त्याच्यावर सुरू होई. रस्ता ४० सेंटिमीटर चढला की दगड जमिनीत गाडला जातो आणि माती थेट ओल्या काँक्रीटला टेकते. भिंत वातीसारखं पाणी वर ओढते. पाणी सुकतं तिथं क्षार राहतात. हा लोणा. क्षारांचे कण पृष्ठभागाखाली फुगत असल्यानं पापुद्रे सुटत जातात.

यावर घरोघर एकच इलाज होतो: सिमेंटचा गिलावा, कमरेपर्यंत. ऐपत असेल तर टाइल्स. दिसायला भिंत कोरडी होते. आत मात्र पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते, मग ते गिलाव्याच्या वरच्या कडेपर्यंत चढतं. तीन-चार पावसाळ्यांत ओल कमरेवरून छातीवर येते आणि सिमेंटच्या कवचाआड मातीचा भुगा होतो. भिंत सहसा श्रावणात पडत नाही. श्रावण-भादव्याची ओल साठत जाते, धाब्यावरची, म्हणजे सपाट छपरावरची, माती पाणी पिऊन जड होते आणि एखाद्या जोराच्या सरीनंतर, कधी पाऊस उघडल्यावरही, पायथा बसतो.

आधी ओळखण्याच्या तीन खुणा. गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकलं की पोकळ आवाज येतो. ओळंबा लावला की भिंतीला पोट सुटलेलं दिसतं. पाच मीटर उंचीत दोन बोटांपेक्षा जास्त पोट असेल तर त्या खोलीत झोपणं बंद करावं. आणि तुळईखालच्या खांबाचा तळ सब्बलीच्या टोकानं टोचला की सागवानही मऊ लागतं. तिसरी खूण दिसली तर आधी तुळईला टेकू, बाकी सगळं नंतर.

ओटा गेला की मागोमाग काय जातं

ओटा पाच सेंटिमीटरवर आल्यावर मोटरसायकल सरळ दारात चढवता येते, म्हणून लोक सिमेंटचा उतार करतात. तो ६० सेंटिमीटर गल्लीत येतो आणि आता कडेला गेलेल्या नालीवर पडतो. नाली त्या घरापुरती बुजते आणि सफाई कामगाराचा फावडा तिथं पोचत नाही. समोरच्यानेही तेच केलं की २.७ मीटरच्या गल्लीत मध्ये दीड मीटर उरतो. त्यात एक मोटरसायकल उभी राहिली, हँडलची रुंदी पाऊण मीटरच्या वर, की चालायला सत्तर सेंटिमीटर. डोक्यावर गठुडं घेतलेली बाई आणि समोरून येणारी सायकल यांतलं एक मागं सरतं. तिरडी नेताना खांदेकऱ्यांना एका ओळीत यावं लागतं.

गाड्या वाढल्या की दारं बंद राहू लागतात. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सरगुंड्यांचं वाळवण ओट्यावरून गच्चीवर जातं, तूर निवडायला बसलेल्या बायका आत जातात. गल्लीवर कोणाची नजर राहत नाही. तिथून पुढं लोक वेशीबाहेर प्लॉट बघू लागतात.

पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली न्यायला याच गल्लीतून जातात. दुसरं काँक्रीट गुळगुळीत घोटलेलं होतं. नाल मारलेल्या बैलाचा पाय त्याच्यावर घसरतो आणि फऱ्यात लचक भरली की ऐन रब्बीच्या पेरणीआधी जनावर बसतं. अंदाजपत्रक करणाऱ्याला हे सुचत नाही. गल्लीतल्या कोणालाही विचारलं तर पहिलं हेच सांगतो.

मोजणी

रस्ता खाली न्यायचा हे ठरवायला सभा पुरत नाही. नळीतल्या पाण्यानं पातळी मोजावी लागते. दहा-बारा मीटरची पारदर्शक नळी, पाणी भरलेली, बुडबुडा न राहू दिलेली. दोन मिस्त्री एका दिवसात ३१ घरं उरकतात. आधाराला वेशीच्या जोत्याचा एक न हललेला दगड घेतला. प्रत्येक घराचे चार आकडे: रस्ता, ओटा, उंबरा, नालीचा तळ. हे वहीत मांडलं तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या.

पहिली, उतार पुरेसा होता. वरच्या टोकापासून खालपर्यंत ९० सेंटिमीटर, म्हणजे १५५ मीटरला एक मीटर. नालीला दोनशेला एक असला तरी चालतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. गल्ली कितीही खोल नेली तरी पाणी शेवटी नाल्यातच जाणार. नवी नाली सध्याच्या रस्त्यापासून ६१ सेंटिमीटर खोल जाणार होती. नाल्याचा तळ ९५ सेंटिमीटर खोल, म्हणजे कागदावर ठीक. पण नाल्यात ४० सेंटिमीटर गाळ आणि प्लास्टिक होतं. प्रत्यक्षातला तळ ५५ सेंटिमीटरवरच. तसंच काम केलं असतं तर नाल्याचं पाणी उलट गल्लीत आलं असतं. रस्ता खाली घेतलेल्या बऱ्याच गल्ल्या इथंच फसतात, आणि मग “उंच होता तोच बरा होता” असं म्हणत पुन्हा काँक्रीट येतं. आधी नाल्याचा गाळ, मग गल्ली.

नंतर ६० बाय ६० सेंटिमीटरचे दोन खड्डे घेतले. थर मोजायला, नळ किती खोल आहे ते बघायला आणि भिंतीचा पाया कुठं आहे ते कळायला. दोन्ही खड्ड्यांत तळाशी मूळ फरसबंदी जागेवर सापडली.

किती खाली जायचं

गल्लीतल्या जाणत्यांना पूर्ण ४० सेंटिमीटर हवे होते. ते केलं नाही. फरसबंदी उपटून खाली नवा थर द्यायचा तर भिंतींच्या पायाशी खोदाई वाढते, आणि ओल पिऊन बसलेल्या भिंतीजवळ ते धोक्याचं. म्हणून फरसबंदी तशीच ठेवून तोच पाया मानला. त्याच्यावर ४ सेंटिमीटर दगडाची चुरी आणि ८ सेंटिमीटरचे गट्टू (पेव्हर ब्लॉक). म्हणजे रस्ता २८ सेंटिमीटर खाली आणि ओटा ५ वरून ३३ वर. साडेसोळाच्या दोन पायऱ्या. म्हाताऱ्यांना बसायला थोडा ठेंगणा, पण पाणी अडवायला पुरेसा.

गट्टू की दगड यावर वाद झाला. घडीव काळा दगड टिकतो आणि जुन्या वस्तीला शोभतो, पण तो एकसारख्या जाडीचा घडवणारे हात आता कमी आहेत. शहाबादी फरशी पावसात घसरते, ती बाद. शेवटी ८० मिलिमीटरचे आयताकृती गट्टू, कारण मालाची ट्रॉली वर्षातून काही दिवस तरी आत येणार. ६० मिलिमीटरचे गट्टू पायवाटेला ठीक आहेत, ट्रॉलीच्या चाकाखाली ते कडेला फुटतात.

केंद्राच्या संरक्षित स्मारकालगत अशी गल्ली असेल तर १९५८ च्या कायद्यातली २०१० ची दुरुस्ती लागू होते: १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियमित. तिथं कुदळ मारण्याआधी परवानगी. वेस राज्याच्या यादीत आहे, केंद्राच्या की कोणाच्याच नाही, हे नगर परिषदेत लेखी विचारावं. तोंडी उत्तर कामाचं नाही.

काम

मुहूर्त होळीनंतर. मार्च-एप्रिलात भिंती सगळ्यात कोरड्या असतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्याआधी संपवता येतं. लग्नसराईची अडचण होतेच, म्हणून एका वेळी १२ मीटरचा तुकडा उघडायचा, दारासमोर फळ्या टाकायच्या आणि तो बंद केल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही.

फोडताना ठेकेदार जेसीबीला ब्रेकर लावून येतो. त्याला गल्लीच्या तोंडाशीच थांबवावं. ब्रेकरच्या हादऱ्यानं लोणा लागलेली भिंत भुगा सोडते. आधी कटर मशीननं दोन्ही भिंतींपासून ४५ सेंटिमीटरवर सरळ चर कापायची, म्हणजे हादरा तिथं तुटतो. मधला भाग हाताच्या छोट्या ब्रेकरनं, कडेचा पट्टा छिन्नी-हातोडा आणि सब्बलीनं. दिवसाला दहा-बारा मीटर होतात. घाई केली तर एखादी भिंत जाते आणि काम तिथंच थांबतं. निघालेलं काँक्रीट उकिरड्यावर न टाकता गावाच्या पांदण रस्त्यात भरावाला दिलं. पावसाळ्यात शेतात जायची वाट झाली आणि ८३ फेऱ्यांचं अंतरही कमी राहिलं.

उघडं पडल्यावर भिंतीचा गाडलेला पायथा तीन आठवडे तसाच सुकू द्यायचा. लगेच गिलावा करण्याचा मोह होतो. तो केला की सगळं पहिल्यापासून.

पिण्याच्या पाण्याचे नळ नालीतून गेलेले होते. ही इथली नेहमीची गोष्ट. नळ रोज येत नाही. पाणी नसताना नळीत पोकळी होते, टुल्लू पंप लावला की ती ओढ आणखी वाढते, आणि गंजलेल्या जागेतून नालीचं पाणी आत जातं. म्हणून क्रम असा: आधी नव्या नळ्या एका कडेनं, नालीपासून निदान एक मीटर दूर आणि तिच्या तळाहून वर. प्रत्येक घराचं कनेक्शन दाब देऊन तपासायचं, मगच चर बुजवायची.

नाली मधोमध. गल्ली अरुंद असेल तर कडेच्या दोन नाल्यांपेक्षा मधली एक बरी. पाणी भिंतींपासून दूर जातं, दारासमोरचा उतार तिच्यावर येत नाही, आणि ट्रॉलीची दोन्ही चाकं झाकणाच्या बाहेरून जातात. रुंदी ३०, खोली २५ सेंटिमीटर. रस्ता आणि त्याच्याकडे उतरणारी छपरं मिळून २,००० चौरस मीटरवर ताशी ६० मिलिमीटरची सर आली तर सेकंदाला सुमारे ३३ लिटर पाणी जमतं. दीडशेला एक उतारावर ही नाली निम्मी भरून तेवढं वाहून नेते. उरलेली निम्मी जागा गाळासाठी आणि त्याहून मोठ्या सरीसाठी. दर १५ मीटरवर ४५ बाय ४५ चा गाळखड्डा. झाकणं ४५ बाय ३० सेंटिमीटर, साडेसात जाडीची. एकाचं वजन २४ किलो, म्हणजे लोखंडी आकड्यानं एक माणूस उचलू शकतो. याहून मोठं झाकण केलं की ते कधी उचललंच जात नाही.

दोन्ही बाजूंचा उतार मध्याकडे, मीटरला अडीच सेंटिमीटर. भिंतीलगतच्या ३० सेंटिमीटर पट्ट्यात सिमेंट अजिबात नाही. तिथं नालीच्या चरीतून निघालेले फरसबंदीचे दगड चुन्याच्या सांध्यात बसवले. काही ठिकाणी या पट्ट्यात गिट्टी भरायचा सल्ला मिळतो. काळ्या जमिनीच्या प्रदेशात तो टाळावा, गिट्टीतून पाणी थेट पायाशी उतरतं आणि खालची काळी माती फुगते.

गल्ली बाजाराच्या रस्त्याहून २८ सेंटिमीटर खाली गेल्यामुळं वरच्या तोंडाशी ४.२ मीटर लांबीचा उतार दिला, पंधराला एक. त्याच्या माथ्यावर तीन सेंटिमीटरचा उंचवटा, म्हणजे बाजाराचं पाणी आत येत नाही. हातगाडी चढते, व्हीलचेअरला मागून हात लागतो.

भिंती

कोरड्या झालेल्या पायथ्यावरचा सिमेंट गिलावा मीटरभर उंचीपर्यंत काढला. लोणा पाण्यानं धुवायचा नाही, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडून बाहेर टाकायचा. खचलेली जागा भरायला पाच घमेली चाळलेली पांढरी माती, एक घमेलं गव्हाचं कुटार आणि थोडं शेण, पाणी घालून आठ-दहा दिवस भिजत ठेवायचं, रोज पायानं तुडवायचं. कुटार कुजून चिकट झालं की गारा तयार. आधी तळहाताएवढी वडी करून तीन दिवस वाळवून बघावी. भेगा पडल्या तर कुटार वाढवायचं, हातानं भुगा होत असेल तर थोडी चिकण माती. दोन थर, वर चुना. ऑइलपेंट नको, तोही सिमेंटइतकाच श्वास कोंडतो.

पहिल्या वर्षी या गिलाव्यातून पुन्हा क्षार आले. ते यायलाच हवेत. हा थर बळीचा बकरा आहे, दोन-तीन वर्षांनी खरवडून नवा लावायचा. हे घरमालकांना आधी सांगितलं नाही तर “तुमची माती बेकार निघाली” म्हणून सिमेंट परत येतं.

ज्यांचं नुकसान झालं

नऊ स्लॅबच्या घरांपैकी पाच जणांनी काँक्रीटनं वर आलेल्या रस्त्याची उंची धरून घरं बांधली होती. रस्ता खाली गेल्यावर त्यांची दारं अधांतरी झाली. त्यांचा राग खोटा नव्हता. एका दुकानदाराचा सवाल असा: “काकाजी, रस्ता खाली गेला तं माह्या शटरपाशी गिऱ्हाईक चढन कसं?” तोडगा एकच ठेवला, सगळ्यांना सारखा. पायऱ्या ओट्याच्या किंवा घराच्या हद्दीत खाच कापून करायच्या, गल्लीत एक बोटही पुढं नाही. दोन पायऱ्यांना ३० सेंटिमीटरच्या हिशेबानं साठ सेंटिमीटर खाच लागते. पाचपैकी चौघांनी केलं. पाचव्यानं रात्रीतून उतार बांधला, तो अजून आहे.

ओट्यांची खरी भीती वेगळी होती. बरेच ओटे आखीव पत्रिकेतल्या, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीतल्या, हद्दीबाहेर, नगर परिषदेच्या जागेत येतात. मोजणी सुरू झाली की अतिक्रमणाची नोटीस येणार, असं लोकांना वाटलं आणि दोन घरांनी नळी लावू दिली नाही. मार्ग निघाला तो असा: ओटे आहेत त्या मापानं नकाशावर दाखवायचे, पुढं वाढवायचे नाहीत, त्याच्यावर भिंत किंवा जाळी उभी करायची नाही, आणि हे प्रभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

२६ मोटरसायकलींसाठी पडक्या वाड्याची जागा धरली. गाडीला १.६ चौरस मीटर आणि वळायची जागा मिळून ७५ चौरस मीटर पुरतात. वारस नागपूर-पुण्याला, पत्रिकेवर अकरा नावं. पार्किंग म्हणजे ताबा, ही त्यांची शंका होती. अकरा महिन्यांचं लेखी संमतीपत्र, कुंपणाची किल्ली वारसांपैकी एकाकडे आणि जागेवर कसलंही बांधकाम नाही, या अटींवर नऊ सह्या झाल्या. दोन राहिल्या. त्यामुळं व्यवस्था चालू आहे ती भरवशावर, कागदावर नाही.

दोन पावसाळ्यांनंतर

पहिल्या पावसात एका ठिकाणी गट्टू तीन सेंटिमीटर खचले. नळाची चर तिथं एका दमात मातीनं भरली होती. दोन चौरस मीटर गट्टू काढून, मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरात पाणी मारून, धुम्मसनं ठोकून भरला. अर्ध्या दिवसाचं काम. झाकणं मोटरसायकलखाली खडखडत होती, रात्री झोप मोडायची. जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या खाली घातल्यावर थांबली.

एका घराची भिंत मात्र सुकेना. रस्ता खाली, गिलावा मातीचा, पन्हाळी पाइपात, तरी गुडघ्यापर्यंत ओल. पंधरा दिवस भिंतीवर पेन्सिलीनं ओलीची रेषा आखली तेव्हा कळलं: पावसाच्या दिवशी रेषा हलत नव्हती, नळ येऊन गेला की दुसऱ्या दिवशी दोन बोटं वर जात होती. न्हाणीच्या भिंतीतला नळाचा जोड गळत होता.

दुसऱ्या वर्षी पाइपलाइनसाठी पुन्हा १४ मीटर गल्ली खणावी लागली. काँक्रीट असतं तर ठिगळ राहिलं असतं. गट्टू काढून परत बसवायला एक दिवस लागला, साठेक फुटले. कामाच्या वेळीच सुमारे दहा चौरस मीटर, म्हणजे पाचशे गट्टू जास्तीचे घेऊन मारोतीच्या देवळामागं रचून ठेवले होते. त्यातून भरपाई झाली.

वेशीच्या जोत्यावरच्या त्या दगडावर छिन्नीनं आडवी रेघ कोरली आहे आणि रेघेपासून गल्लीच्या दोन्ही टोकांची खोली नगर परिषदेच्या रस्ता नोंदीत चढवली आहे. पुढच्या कोणत्याही अंदाजपत्रकात एक ओळ घालायची: “जुना थर काढून टाकणे, तयार पृष्ठभाग वेशीवरील खुणेनुसार नोंदीतल्या पातळीच्या वर जाणार नाही, देयकापूर्वी पातळी मोजून घेणे.” शेजारच्या गल्लीत ही ओळ नव्हती. तिथं यंदा तिसरं काँक्रीट पडलं.